डिकीतला कोपरा

मे २००६. पुण्यात मावशीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दादाची मारुती झेन तीन दिवस डिकी उघडी टाकून उभी होती. मागच्या चाकाच्या फुगवट्याशेजारी जी वेडीवाकडी रिकामी जागा असते, तिथे आम्ही मास्किंग टेपचे दोन थर लावले, त्यावर पोळ्या गुंडाळायची फॉइल, त्यावर सढळ हाताने मेणाचं पॉलिश. मग नाना पेठेतून आणलेली फायबरग्लासची पांढरी मॅट हाताने फाडायची, तुकडा रेझिनमध्ये भिजवायचा आणि ब्रशने ठोकून ठोकून कोपऱ्यावर बसवायचा. मॅट कापायची नाही, फाडायची. फाडलेल्या कडेचे धागे पुढच्या तुकड्यात मिसळतात, कापलेल्या कडेचा जोड दिसत राहतो. असे पाच थर. वास असा की तिसऱ्या मजल्यावरून मावशी ओरडली, "खाली काय कारखाना काढलाय का रे?"

दुसऱ्या दिवशी कडा धरून ओढलं तर 'खट्' करून साचा सुटला. हातात आला तो झेनचा कोपरा, उलटा. चाकाचा फुगवटा, पत्र्याची घडी, बोल्टची डोकी, सगळं त्यात उमटलेलं.

त्यानंतर माझा पराक्रम. स्पीकरसाठी एमडीएफची गोल रिंग साच्यासमोर तिरकी उभी करायची होती. दादाने लाकडी काड्या कापायला सांगितल्या होत्या. मी हुशारी करून टीव्हीच्या खोक्यातले थर्माकोलचे तुकडे लावले, वर टी-शर्टचं ताणलेलं कापड आणि त्यावर रेझिन. दहा मिनिटांत थर्माकोल गुळाच्या पाकासारखा विरघळून खाली बसला आणि रिंग एका बाजूला कलंडली. दादा हसला, पण असं का झालं ते त्यालाही सांगता येईना.

त्या प्रश्नाचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी मिळालं, तेही कॅलिफोर्नियाच्या लाटांवर खेळणाऱ्या लोकांच्या गोष्टीत. गाडीत स्पीकरसाठी फायबरचा खोका बनवणं हे उनाड पोरांचं काम वाटतं. पण त्या एका खोक्यात तीन वेगवेगळे इतिहास येऊन मिळतात: काचेच्या धाग्याचा, खोक्याच्या गणिताचा आणि मोटारीतल्या गाण्याचा. तिन्ही माणसं एकमेकांना ओळखत नव्हती.

काचेपासून सुरुवात करू. काच ओढून धागा करता येतो हे माणसाला खूप आधीपासून माहीत होतं, त्याचं करायचं काय हे माहीत नव्हतं. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात (त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले) एडवर्ड लिबी या काचकारखानदाराने काचतंतू आणि रेशीम एकत्र विणून एका नटीसाठी झगा करवून घेतला. दिसायला झगझगीत, वापरायला निरुपयोगी. जिथे घडी पडणार तिथे काच मोडणार.

खरी गोष्ट घडली १९३२ मध्ये. अमेरिकेतल्या ओवेन्स-इलिनॉय कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेच्या दोन विटा वितळलेल्या काचेने जोडायच्या खटपटीत होता. दाबाखालच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेच्या धारेवर बसला आणि विटा जोडल्या जाण्याऐवजी बारीक धाग्यांचा फवारा उडाला. कापूस पिंजल्यासारखा. त्याचे वरिष्ठ गेम्स स्लेटर यांना कळलं की बिघडलेला प्रयोग हाच खरा शोध आहे. १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग ही वेगळी कंपनी निघाली. त्याच कंपनीने पुढे एक कारखाना आपल्याकडे तळोज्याला काढला. गोव्यात कोलवाळलाही काचतंतू बनवण्याचा कारखाना आहे.

पण नुसता धागा म्हणजे अर्धीच गोष्ट. सिमेंटशिवाय सळया असाव्यात तसं. सिमेंटचं काम केलं पॉलिएस्टर रेझिनने, आणि तेही १९३०च्या दशकातच हाती आलं. या रेझिनची खरी गंमत म्हणजे त्याला भट्टी लागत नाही, दाब लागत नाही. शेकडा एक-दोन भाग हार्डनर घातला की साध्या हवेत, साध्या डब्यात ते आपोआप गरम होतं आणि दगड होतं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या रडारवर घालायचे घुमट या मिश्रणाचे केले गेले, कारण रेडिओलहरी त्यातून आरपार जातात. युद्ध संपलं आणि हे सामान दुकानांत आलं. पत्र्याला आकार द्यायचा तर प्रेस हवा, डाय हवी, म्हणजे भांडवल हवं. फायबरग्लासला एक बादली, एक ब्रश आणि मोकळी जागा पुरते. एखाद्या पदार्थाने कारखानदार आणि गॅरेजवाला यांना इतकं एका पातळीवर आणल्याची उदाहरणं फार नाहीत.

कारखानदारांनी काय केलं? जनरल मोटर्सने १९५३ मध्ये पहिली शेव्हर्ले कॉर्व्हेट फायबरग्लासच्या बॉडीची केली. स्टीलच्या डाय बनवण्याचा वेळ आणि खर्च टाळायचा होता. पहिल्या वर्षी जेमतेम ३०० गाड्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, जवळजवळ हातानेच जोडलेल्या.

गॅरेजवाल्यांची गोष्ट जास्त रंगतदार आहे आणि ती बहुतेक सगळी दक्षिण कॅलिफोर्नियात घडते. तिथे समुद्रावर लाटांवर स्वार व्हायच्या फळ्या जड लाकडाच्या असत. १९४०च्या दशकाच्या अखेरीस बॉब सिमन्सने हलकं लाकूड, फोम आणि वर फायबरग्लास असे प्रयोग केले. अडचण हीच, माझीच. तेव्हाचा फोम म्हणजे पॉलिस्टायरीन, आपला थर्माकोल. पॉलिएस्टर रेझिन पातळ राहावं म्हणून त्यात स्टायरीन घातलेलं असतं आणि स्टायरीन पॉलिस्टायरीनला विरघळवतं. म्हणून आधी फोम झाकून घ्यावा लागे. १९५८च्या सुमारास होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमच्या फळ्या बाजारात आणल्या. त्या फोमला रेझिन खात नव्हतं. मी २००६ मध्ये मावशीच्या पार्किंगमध्ये जो शोध लावला तो अशा रीतीने साठ वर्षं शिळा होता.

त्याच किनाऱ्यावर ब्रूस मायर्स फायबरच्या होड्या बांधत होता. १९६४ मध्ये त्याने होडीचीच विद्या वापरून वाळूत पळणारी छोटी गाडी केली, मायर्स मँक्स. आणि एड रॉथ. या माणसाबद्दल मला विशेष प्रेम आहे. तो प्लास्टरचा ढीग करून त्याला हाताने आकार द्यायचा, त्यावर फायबरग्लास चढवायचा आणि आतलं प्लास्टर फोडून काढायचा. उरायची ती गाडीची बॉडी. १९५९ची 'आउटलॉ' आणि १९६१ची 'बीटनिक बँडिट' या त्याच्या गाड्या बघा, व्यंगचित्र रस्त्यावर उतरल्यासारख्या दिसतात. इंजिनिअरिंगची डिग्री नाही, कंपनीची परवानगी नाही. गाडी ही मनासारखी घडवायची वस्तू आहे, हा विचार या गॅरेजांतून पक्का झाला. आपल्याकडे हाच पदार्थ कोकणात होडी झाला आणि मंडळांच्या मांडवात कायमस्वरूपी गणपती झाला. 'फायबरचा आहे' हे शब्द कधी कौतुकाने तर कधी नाक मुरडून म्हटले जातात, ते या हलक्या, पोकळ, टिकाऊ पदार्थाला उद्देशून.

आता खोका. स्पीकरला खोका लागतोच कशाला?

स्पीकरचा कागदी पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. उघड्यावर ठेवला तर मागची हवा वळसा घालून पुढे येते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. बारीक सुरांचं फारसं बिघडत नाही, पण ढोलाचा आवाज गायब. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये आजच्या स्पीकरचा मूळ नमुना मांडला तेव्हाही ही भानगड त्यांना ठाऊक होती. पुढची पंचवीस-तीस वर्षं उपाय एकच होता: खोका मोठा करा. चांगला बास ऐकणाऱ्याच्या घरात कपाटाएवढा स्पीकर असे.

१९५४ मध्ये एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी हे उलटवलं. त्यांच्या एआर-१ स्पीकरचा खोका लहान आणि हवाबंद होता. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करायची, पडद्याला परत ओढायची. मग १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी एक शोधनिबंध लिहिला: स्पीकर आणि खोका मिळून एक विद्युत फिल्टर असल्यासारखं समजा, म्हणजे खोका किती मोठा हवा हे कागदावर आधीच काढता येतं. निबंध ऑस्ट्रेलियातल्याच एका नियतकालिकात आला आणि जगाने दहा वर्षं त्याच्याकडे बघितलं नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलने तो पुन्हा छापला. पाठोपाठ सिडनी विद्यापीठात काम करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३मध्ये निबंधांची मालिका लिहून ते गणित सगळ्यांना वापरता येईल असं केलं. आज कुठल्याही सबवूफरच्या खोक्यात जो कागद मिळतो, एफएस, क्यूटीएस, व्हीएएस वगैरे आकड्यांचा, त्या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात.

आम्ही तो कागद फेकून दिला होता. खोटं कशाला सांगू, त्यावर रेझिनचा डबा ठेवला होता.

खोका तयार झाल्यावर मात्र दादाला कुठूनतरी आठवलं की बारा इंची सबला एक घनफूट जागा लागते, म्हणजे साधारण २८ लिटर. वेड्यावाकड्या आकाराचं आकारमान कसं मोजणार? पाणी ओतायची हिंमत होईना. दादाने कोपऱ्यावरच्या दुकानातून पोतंभर कुरमुरे आणले, स्पीकरच्या भोकातून आत भरले आणि मग बादलीने मोजत बाहेर काढले. १९ लिटर. सुंदर गोलाई आणायच्या नादात आम्ही आतली तिसरा हिस्सा जागा घालवली होती. आता खोका फोडायचा की तसाच लावायचा? तसाच लावला. हवाबंद खोका गरजेपेक्षा लहान झाला की आतली स्प्रिंग जास्त कडक होते, खालचे सूर दबतात आणि वर एका ठिकाणी आवाजाला उंचवटा येतो. प्रत्येक गाण्यात तोच एक 'बुम्'. ढोलकी असो, तबला असो, गिटार असो, सगळ्यांना एकच 'बुम्'. दिसायला मात्र तो खोका, लांबी भरून, घासून, काळा रंग मारून, विकत आणल्यासारखा दिसत होता. कुरमुरे अर्थातच फेकले. मावशीचा त्या दिवशीचा अबोला मला अजून आठवतो.

तिसरा धागा गाडीतल्या गाण्याचा. गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३० मध्ये मोटारीत बसवायचा रेडिओ विकायला काढला आणि त्याला नाव दिलं मोटोरोला. पुढे कंपनीचंच नाव तेच झालं. १९६६च्या मॉडेलांमध्ये फोर्डने आठ ट्रॅकची टेप दिली, नंतर कॅसेट आली. पण गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. चार ओहमच्या स्पीकरला तेवढ्यावर सरळ जोडलं तर कशीबशी वीस वॅट ताकद मिळते. त्यासाठी व्होल्टेज आधी वाढवून घेणारे ॲम्प्लिफायर लागले आणि ते १९७०च्या दशकात आले. ॲरिझोनातल्या जिम फॉसगेट यांचं नाव त्यात पुढे आहे.

ताकद आली, पण ती वाजवणार काय? इथे एक वाद्य मधे येतं. रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० मध्ये आलं आणि लवकरच बंदही झालं; त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा नव्हता. त्याचा किक ड्रम म्हणजे खोल, लांबत जाणारी गुणगुण. सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळणारं हे यंत्र मायामीच्या कृष्णवर्णीय पोरांनी उचललं आणि १९८०च्या दशकाच्या मध्यावर 'मायामी बास' नावाचं संगीत उभं राहिलं. ते ऐकायची जागा म्हणजे गाडी. याला कारणही आहे. ४० हर्ट्झच्या आवाजाची लहर साडेआठ मीटर लांब असते, गाडी त्याच्या निम्मीही नसते. त्यामुळे बंद गाडीत खालचा सूर लहर म्हणून फिरतच नाही, सगळ्या हवेचा दाब एकदम वरखाली होतो. घरात ज्या बासला प्रचंड स्पीकर लागतो तो छोट्या गाडीत एका सबवूफरवर निघतो. ज्यांच्याकडे स्वतःची खोली नव्हती त्यांच्याकडे जुनी गाडी होती.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस गाड्यांच्या आवाजाच्या स्पर्धा सुरू झाल्या. परीक्षक नुसता दणका मोजत नसत; आवाजाची शुद्धता आणि जोडणीची सफाई यांनाही गुण होते. चौकोनी एमडीएफ खोक्याने डिकी भरून टाकणाऱ्याला सफाईचे गुण कुठून मिळणार? इथे तीन इतिहास एकत्र आले. फायबरग्लासचा खोका गाडीच्या न वापरलेल्या पोकळीत शिरतो, डिकी मोकळी राहते, आणि वळणदार कवच सपाट फळीपेक्षा ताठ असतं, अंड्यासारखं, मडक्यासारखं. (वळणामुळे सबचा आवाज 'गोड' होतो असं जे गॅरेजांत सांगतात त्यात तथ्य नाही. इतक्या लांब लहरींना खोक्याचा आकार कळतसुद्धा नाही. त्यांना फक्त लिटर कळतात आणि भिंत हलते की नाही ते कळतं.) पुढच्या स्पीकरसाठी तर फायबरला खरंच पर्याय नव्हता. चालक एका बाजूला बसतो, त्यामुळे जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो आणि गायक आरशाला चिकटल्यासारखा ऐकू येतो. स्पीकर पायांपाशी, पुढच्या कोपऱ्यात नेले की दोन्ही अंतरांतला फरक कमी होतो. पण त्या कोपऱ्यात सरळ असं काहीच नसतं. तिथे साचाच काढावा लागतो.

फ्लोरिडातल्या जेएल ऑडिओने मग ठरावीक गाड्यांसाठी असे फायबरचे खोके कारखान्यात बनवून 'स्टेल्थबॉक्स' नावाने विकले. २००४ मध्ये एमटीव्हीवर 'पिंप माय राइड' सुरू झालं आणि आमच्यासारख्यांनी ते बघून मास्किंग टेप आणली.

त्याच फ्लोरिडात कायदाही होता: पंचवीस फुटांवरून गाडीतलं संगीत स्पष्ट ऐकू आलं तर दंड. २०१२च्या डिसेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कारण वाचून मला आपल्याकडच्या निवडणुकीतल्या रिक्षा आठवल्या. धंद्यासाठी किंवा राजकीय प्रचारासाठी भोंगा लावलेल्या गाड्यांना त्या कायद्यातून सूट होती. प्रचाराचा आवाज चालतो आणि गाण्याचा चालत नाही, हे सरकार कसं ठरवणार, असा मुद्दा होता. म्हणून बाहेर झोपलेल्या माणसाचं दुःख खोटं ठरत नाही. आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक आजारी आजोबा होते. दादा रात्री गाडी लावताना आवाज कमी करायचा, पण 'बुम्' कमी करता येत नव्हतं, ते भिंतीतून वर जायचं. आजोबांनी कधी तक्रार केली नाही. ते आठवलं की आजही बरं वाटत नाही.

हा काळ फार टिकला नाही. जे अंतर फायबर कापून सांधत होते ते डिजिटल प्रोसेसर जवळच्या स्पीकरला दोन-तीन मिलिसेकंद थांबवून सांधू लागला. आणि नव्या गाड्यांत म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, एसी, सगळं एकाच पडद्यात गुंतलेलं. वायर तोडली की वॉरंटी गेली. नाना पेठेतल्या ज्या गॅरेजात दादा नंतर दोन वर्षं शिकायला जायचा तिथे आता सीट कव्हर आणि डॅशकॅम बसवतात.

तिथे फायबर करणारे दोघे रुमाल बांधून काम करायचे. रुमालाने धूळ थोडी अडते, वाफ अजिबात नाही. स्टायरीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१८ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. हार्डनर आणि कोबाल्टचा ॲक्सिलरेटर थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होतो. त्या गॅरेजात दोन्ही बाटल्या एकाच फळीवर असत, लेबल पुसलेल्या. आम्ही तर रुमालही बांधला नव्हता. आठवडाभर हाताला काचेची खाज होती आणि आम्ही त्याचा अभिमान बाळगत होतो. तुम्ही हे करणार असाल तर सेंद्रिय वाफेचा मास्क घ्या, उघड्यावर करा, आणि स्पीकरचा तो कागद फेकू नका. आधी लिटर, मग गोलाई.

दादाच्या उजव्या कानात आता सतत बारीक शिट्टी वाजते. कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, कारखान्यात काम करता का? तो बँकेत आहे. जेवताना त्याच्या उजवीकडे बसलं तर त्याला दोनदा सांगावं लागतं, म्हणून मी डावीकडे बसतो.

झेन २०१४ मध्ये विकली. घेणाऱ्याला डिकी रिकामी हवी होती. सबवूफर कुणीतरी नेला, खोका राहिला. तो दुसऱ्या कुठल्याच गाडीत बसत नाही, बसणारही नाही. पॉलिएस्टर एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे तो भंगारातही जात नाही. मावशी गॅलरीत त्यात कांदे ठेवते. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याने तो उचलला, बोटाने टकटक केलं आणि परत ठेवला. दादाने तो उलटा केला, मागच्या खडबडीत बाजूवरून हात फिरवला आणि एका उंचवट्यावर बोट ठेवून मला म्हणाला, "हे बघ, इथे तिचा जॅकचा नट होता."